कंपनी बुडाली, विकली गेली किंवा निघून गेली. गाडीतल्या दोषाची जबाबदारी कोणाची? जाणून घ्या सविस्तर

ग्रामीण भागात आजही शेवरलेच्या टवेरा, बीट अशा गाड्या रस्त्यावर दिसतात. शोरूम मात्र केव्हाच बंद झाले. जुनी गाडी घेताना आपण इंजिन बघतो, टायर बघतो. पण त्या नावामागे आज कोण उभे आहे, हे सहसा कुणी विचारत नाही.

नाव एकाचे, मालक दुसरा

गाडीवरचे नाव आणि कंपनीची मालकी या वेगळ्या गोष्टी आहेत. जग्वार आणि लँड रोव्हर ही इंग्लंडची नावे. २००८ मध्ये टाटा मोटर्सने ती अमेरिकेच्या फोर्डकडून विकत घेतली. स्वीडनची व्होल्वो कार २०१० पासून चीनच्या जीलीकडे आहे. शेवरले हे नाव अमेरिकेच्या जनरल मोटर्सचे. कंपनीने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली. तळेगाव (जि. पुणे) येथील कारखान्यात निर्यातीसाठी गाड्या बनत होत्या, तेही काम २०२० च्या डिसेंबरात थांबले. पुढे २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. म्हणजे कारखाना ह्युंदाईकडे गेला, शेवरले हे नाव जनरल मोटर्सकडेच राहिले. त्यामुळे शेवरलेची तक्रार घेऊन ह्युंदाईच्या दारात जाऊन उपयोग नाही.

दिवाळखोरी आणि चावीचा दोष

१ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. जुलैमध्ये सरकारी पैशाच्या आधाराने नवी कंपनी उभी राहिली. चांगले कारखाने आणि शेवरलेसारखी नावे नव्या कंपनीने घेतली. नको असलेली मालमत्ता व बरीचशी देणी जुन्या कंपनीच्या खाती राहिली. पॉन्टिअॅक, सॅटर्न ही नावे बंद झाली.

२०१४ मध्ये खरा प्रश्न पुढे आला. कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांचा इग्निशन स्विच सैल होता. चालत्या गाडीत चावी आपोआप फिरायची, इंजिन बंद पडायचे आणि धडक बसली तरी एअरबॅग उघडायची नाही. कंपनीतल्या काही जणांना हे दहा वर्षांहून अधिक काळ माहीत होते. सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाई योजनेत १२४ मृत्यू मान्य झाले. ‘दिवाळखोरीआधीचे दावे आमच्यावर नाहीत’ अशी नव्या कंपनीची भूमिका होती. पण ज्यांना दोष कळवलाच नाही, त्यांचे दावे दिवाळखोरीच्या आडून अडवता येणार नाहीत, असे अपील न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले.

आपल्याकडचा कायदा

भारतात २०१३ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या होत्या. कारण धुराच्या नियमांचे होते. तेव्हा रिकॉल कंपनीच्या मर्जीवर चालायचे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. आता सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. कंपनीने स्वतःहून पाऊल उचलले नाही, तर १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांसाठी आहेत. जुनी गाडी घेणाऱ्याने हे आधीच ध्यानात ठेवावे.

जुनी गाडी घेण्यापूर्वी

• आरसीवरचा चेसिस नंबर घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारून रिकॉल बाकी आहे का ते तपासा.
• रिकॉलचे काम मोफत असते. पहिल्या मालकाने ते केले असेल, तर त्याची पावती मागून घ्या.
• कंपनीचे पत्र नोंदीतल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. त्यामुळे गाडी लगेच आपल्या नावावर करून घ्या.
• दोष वारंवार येत असेल तर परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवरील रिकॉल विभागात तक्रार नोंदवा. अशा तक्रारींची संख्या पाहूनच पुढची चौकशी होते.
• कंपनी देश सोडून गेली असेल तर सुटे भाग कुठे मिळतात, हे व्यवहार होण्याआधीच गॅरेजवाल्याला विचारा.