गल्ल्यावर कोण बसणार? हॉटेल, जात आणि टीव्हीवरची स्पर्धा

टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धा आता कोणाला नव्या राहिलेल्या नाहीत. २०१० साली स्टार प्लसवर 'मास्टरशेफ इंडिया' सुरू झाले. २०२१ च्या डिसेंबरात सोनीवर 'शार्क टँक इंडिया' आले. एकात घरगुती स्वयंपाक करणारी माणसे परीक्षकांपुढे ताट ठेवतात, दुसऱ्यात धंदा काढणारे तरुण गुंतवणूकदारांपुढे हिशेब मांडतात. या दोन्हींचा मेळ ब्रिटनमध्ये बीबीसीने २००७ सालीच घातला होता. 'द रेस्टॉरंट' नावाच्या त्या कार्यक्रमात स्पर्धक जोड्यांना खरोखरचे हॉटेल चालवायला दिले जाई, आणि जिंकणाऱ्या जोडीला शेफ रेमंड ब्लाँ यांच्या पाठबळावर रेस्टॉरंट मिळे. देश कोणताही असो, या कार्यक्रमांचे सांगणे एकच: हाताला चव असेल आणि मेहनतीची तयारी असेल, तर तुमचेही हॉटेल होऊ शकते.

हे सांगणे मावळातल्या पोरापोरींना लगेच पटते. खंडाळा, लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी रस्त्याकडेची गावे बघा. हॉटेल, ढाबा, वडापावची गाडी, चिक्कीचे दुकान, अमृततुल्य. तालुक्यातली कितीतरी घरे या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या भुकेवर जगतात. तेव्हा वस्तीतल्या मुलालाही वाटते, आपलेही एक हॉटेल असावे. त्यात गैर काहीच नाही. पण प्रश्न असा आहे की, हॉटेल ही खरोखर फक्त हाताच्या चवीची गोष्ट आहे का? ज्याच्या हातचे पाणीसुद्धा लोक पिणार नाहीत, त्याच्या हाताची चव जोखणार कोण?

समाजशास्त्राच्या पुस्तकात जातीची दोन कुलुपे सांगितलेली असतात. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार. कोणी कोणाबरोबर जेवायचे, कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या घरी मुलगी द्यायची, हे ठरले की जात आपोआप टिकते. हॉटेल नावाची संस्था यातल्या पहिल्या कुलपालाच धक्का देते. पैसे टाकले की कोणीही बसतो, शेजारी कोण बसला ते माहीत नसते, आत कोण रांधतो ते दिसत नाही. म्हणून हॉटेल हे जातीला सुरुवातीपासूनच अडचणीचे होते. ब्राह्मणी व्यवस्थेने या अडचणीवर जो तोडगा काढला, तोच आपला इतिहास आहे. तिने हॉटेल बंद केले नाही, हॉटेललाच जात लावली.

पुण्यातले १८९० चे पंचहौद मिशनचे प्रकरण आठवा. ऑक्टोबर महिन्यात मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. हजर मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी नावे छापून आणली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, बहिष्काराची भाषा झाली, आणि रानड्यांसारख्या समाजसुधारकालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. हे सगळे ख्रिस्ती माणसाच्या घरच्या एका कप चहासाठी. ज्या शहरात न्यायाधीश झालेल्या विद्वानाला चहाबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागते, त्या शहरात महार-मांगाने चहाचे दुकान टाकण्याचा विचार तरी करता आला असता का?

तो विचार कोल्हापुरात झाला. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांना कळले तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगून भांडवल दिले. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक हॉटेल' उभे राहिले. नाव बघा, सत्यशोधकी बाण्याचे. दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण गिऱ्हाईक येईना. महाराचा चहा पिणार कोण?

मग महाराजांनी काय केले? ते आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवू लागले. चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही प्यायला लावायचे. कामासाठी येणाऱ्यांनाही तिथेच गाठावे लागे, असे कोल्हापुरात सांगितले जाते. राजाने प्यालेला चहा नाकारायची सोय कोणाला नव्हती. दुकान चालले. पुढे महाराजांच्या निधनानंतर याच गंगारामांनी पुढाकार घेऊन कोल्हापुरात महाराजांचे स्मारक उभारले.

ही गोष्ट आपण जयंतीला भक्तिभावाने सांगतो आणि टाळ्या घेतो. पण तिचे गणित मांडत नाही. शाहू महाराजांनी गंगारामांना तीन गोष्टी दिल्या. भांडवल, संरक्षण आणि गिऱ्हाईक. टीव्हीवरची स्पर्धा यातली फार तर पहिली देते, तीही शेकडोंतून एकाला. उरलेल्या दोन गोष्टी स्पर्धकाने घरून आणलेल्या असतात, असे ती गृहीत धरते. ज्याच्या आडनावामुळे गिऱ्हाईक दारातून परत जात नाही, त्याच्यासाठीच ती स्पर्धा 'गुणवत्तेची' असते. आणि गंगारामांच्या चहात कमी काय होते? महाराजांची गाडी थांबण्याआधीही चहा तोच होता आणि नंतरही तोच. चव बदलली नव्हती, पिणारे बदलले होते.

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. त्यात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याची गोष्ट होती. त्याच ठरावाच्या आधारावर १९२७ साली महाडचे चवदार तळे गाठले गेले. पण हॉटेल त्या यादीत नव्हते, कारण ते खाजगी मालकीचे. ही फट राज्यघटनेने बुजवली. कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात हॉटेलचे नाव यावे, यावरूनच या देशात हॉटेल काय चीज होती ते कळते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थही व्यापक असल्याचे सांगितले. जो कोणी पैसे घेऊन जनतेला सेवा देतो, तो सगळा त्यात आला. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने हॉटेलात प्रवेश नाकारणे, तिथली भांडी वापरू न देणे आणि धंदा करण्यापासून अडवणे हे सगळे गुन्हे ठरवले. वेगळ्या कपबशीचा अंत निदान कागदावर झाला.

या हक्काची किंमत कमी करू नका. आपले आजोबा बाहेर उभे राहून ओंजळीत चहा घेत, आपण आत खुर्चीवर बसतो, ते या कलमामुळे. पण कायदा दार उघडू शकतो. कोणाच्या दुकानात जावे, हे तो गिऱ्हाईकाला सांगू शकत नाही. आपण टेबलापर्यंत पोहोचलो. गल्ला अजून लांब आहे.

"आज कोण जात विचारतो?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एकच घटना पुरे. २०१७ साली पुण्यात एका उच्चपदस्थ, उच्चशिक्षित बाईने आपल्या स्वयंपाकीण बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. गुन्हा काय, तर तिने आपण ब्राह्मण आणि सवाष्ण असल्याचे खोटे सांगून सोवळ्याचा स्वयंपाक केला. त्या स्वयंपाकाच्या चवीबद्दल काही तक्रार नव्हती. गोरगरीब बाईला पोटासाठी जात लपवावी लागते आणि तिच्यावरच पोलीस केस होते, हे पंचहौदनंतर सव्वाशे वर्षांनी त्याच पुण्यात घडले. शाळेतल्या पोषण आहाराच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली स्वयंपाकी नेमताना दलितांना प्राधान्य द्या, असे सांगावे लागले. जात कोणी विचारत नसते, तर न्यायालयाला हे सांगायची गरजच पडली नसती.

मावळात हा प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. हॉटेलला सगळ्यात आधी लागते ती रस्त्याकडेची जागा. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली घाटातून रेल्वे गेली, २००२ पर्यंत एक्सप्रेसवे पूर्ण झाला. प्रत्येक वेळी ज्याची जमीन रस्त्याला लागून, त्याचे दुकान. आपल्याकडे काय होते? महार वतन. त्या वतनाची गुलामी संपवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक आणले आणि वतन कायद्याने संपायला १९५८ उजाडले. त्यानंतरही या जमिनी नवीन शर्तीच्या राहिल्या, त्यांच्या विक्रीला सरकारी परवानगी लागते. कर्जाची गोष्ट निघाली की 'स्टँड अप इंडिया'चे नाव घेतले जाते. २०१६ साली आलेल्या या योजनेत १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज सांगितले होते. पण त्यातही स्वतःचा हिस्सा घालावा लागे. ज्याच्या बापाकडे तारण ठेवायला घर नाही, तो हिस्सा कुठून आणणार? आपली माणसे लोणावळ्याच्या हॉटेलांत आहेतच. मोरीवर आहेत, झाडूवर आहेत, रिसॉर्टच्या खोल्या साफ करायला आहेत. गल्ल्यावर नाहीत.

दुसरी गोष्ट पाटीची. या रस्त्यावर 'शुद्ध शाकाहारी' दिसते, मालवणी दिसते, आगरी-कोळी पद्धतीचे जेवण दिसते, कोल्हापुरी तांबडा-पांढरा दिसतो. 'बौद्ध पद्धतीचे जेवण' अशी पाटी तुम्ही कधी पाहिलीत? आपल्या आयांनी टाकाऊ म्हणून दिलेल्यातून जे अन्न रांधले, वाळवून टिकवले, त्याला चव नव्हती का? शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली पुणे विद्यापीठात दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली. गंमत बघा, त्याच २०१५ साली 'मास्टरशेफ इंडिया'चा पूर्ण हंगाम फक्त शाकाहारी होता! ज्या देशात बहुसंख्य लोक मांस-मासळी खातात, तिथे 'राष्ट्रीय चव' ठरवताना त्यांचे ताटच स्पर्धेबाहेर ठेवले जाते. स्पर्धा सुरू होण्याआधीच कोण बाद झाले, ते परीक्षकांना सांगावेच लागत नाही.

आणि हाच मावळ एकेकाळी काय होता? कार्ल्याच्या लेण्यात जा. वैजयंतीच्या भूतपाल शेठीचे नाव तिथे आहे, तसेच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे, सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचेही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी याच घाटवाटेवर व्यापारी आणि कारागीर आपल्या गावाच्या आणि धंद्याच्या नावाने दान देत होते, आणि भिक्खू कोणाच्याही दारचे अन्न पात्रात घेत होते. रोटीबंदीचे कुलूप या मातीतले मूळचे नाही.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितले होते की नुसत्या सहभोजनाने जात मरणार नाही. ते खरेच आहे. एखादे हॉटेल निघाले म्हणून क्रांती होत नसते. पण हाताला काम आणि मानाची भाकरी ही क्रांतीची वाटखर्ची आहे. म्हणून आपल्या मुलांना टीव्हीसमोरून उठवू नका. त्यांना फक्त गंगाराम कांबळेंचे गणितही शिकवा. भांडवलासाठी बचत गट एकत्र करा, जागेसाठी ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत गाळ्यांचा हक्क मागा, बहिष्कार झाला तर कायदा वापरा.

आणि गिऱ्हाईक? ते तर आपल्याच हातात आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या ठिकाणी दरवर्षी आपले लोक येतात. तळेगावला बाबासाहेबांचा बंगला बघायला येतात, कार्ला-भाजे बघायला येतात. आपल्यातले शिकलेले, नोकरीवाले आता स्वतःच्या गाडीने लोणावळ्याला येतात. शाहू महाराजांजवळ राज्य होते, आपल्याजवळ ते नाही. पण गाडी कोणाच्या दुकानासमोर थांबवायची, एवढे तरी आपल्याला ठरवता येते की नाही?

जय भीम!