रोटरी फाउंडेशन: पोलिओ डोस ते विश्वशांती

१९१७ साली रोटरीचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी जगात सत्कार्य करण्यासाठी कायमस्वरूपी निधीची कल्पना मांडली. पहिली देणगी आली अवघी साडेसव्वीस डॉलरची!

१९८५ पासून रोटरीने पोलिओ निर्मूलनाचे काम हाती घेतले. पल्स पोलिओचे ते दोन थेंब आपल्याला आठवतच असतील. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पाकिस्तान व अफगाणिस्तानात मात्र लढा अजून चालू आहे. जिथे बंदुका चालतात तिथे डोस पोचणे कठीण. म्हणूनच शांततेचे शिक्षणही महत्त्वाचे. २००२ पासून रोटरी शांती केंद्रांत ते दिले जाते. पुण्याच्या सिंबायोसिस विद्यापीठाचीही अशा केंद्रासाठी निवड झाली आहे.

सस्काटूनमध्येही रोटरी क्लब आहेत. फाउंडेशनच्या कॅनडातील संस्थेला देणगी दिल्यास करसवलतीची पावती मिळते.