जेरघाटातली सावली

सातपुड्यावरून नागपूरकडे उतरू लागले की हवा बदलते, आणि ते आधी अंगाला कळते. छिंदवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे 675 मीटर उंचावर, तर सौसर त्याहून जवळजवळ तीनशे मीटर खाली. इंग्रजी अमलातल्या गॅझेटिअरांनी म्हणूनच छिंदवाडा जिल्ह्याचे सरळ दोन भाग पाडले होते: घाटावरचा तो बालाघाट, घाटाखालचा तो जेरघाट. बोरगाव हे गाव या जेरघाटातले. माणसे मराठी बोलणारी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. 2023 मध्ये तो नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. रेमंडच्या कापड कारखान्यामुळे बोरगावचे नाव आता दूरवर पोचले आहे, पण कारखान्याच्या कुंपणापलीकडे कापूस, तूर आणि संत्र्याचीच दुनिया आहे.

सरहद्द कागदावर सरकली तरी ऊन नागपूरचेच राहिले. 23 मे 2013 रोजी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. सूर्य रोहिणीत शिरला की नवतपा लागतो. त्या नऊ दिवसांत दुपारी गुरेसुद्धा भिंतीला चिकटून उभी असतात. अशा मुलखात पीक घ्यायचे तर सावलीची तजवीज आधीच करून ठेवावी लागते, आणि इथल्या बागायतीच्या इतिहासात ही तजवीज पुन्हा पुन्हा दिसते.

टोमॅटो या इतिहासात फार उशिरा आला. विदर्भाच्या बोलीत तो भेदरं, इतरत्र बेलवांगी. बंगाल्यांनी त्याला विलायती वांगे ठरवले. पोर्तुगीजांबरोबर तो हिंदुस्थानात आला असे मानतात, पण ताटात यायला त्याला शतके लागली. 1889 ते 1893 या काळात निघालेल्या जॉर्ज वॉटच्या आर्थिक वनस्पतींच्या कोशात तो मुख्यतः युरोपियनांसाठी लावला जाणारा, एतद्देशीयांना नुकता कुठे आवडू लागलेला, अशीच त्याची नोंद आहे. थंडीत तो मुकाट्याने फळतो. माघ-फाल्गुनापर्यंत अंगणातल्या दोन-चार झाडांवर घराचे भागते. खरा प्रश्न चैत्रापासून पुढचा.

उन्हाने भाजलेले भेदरं एकदा हातात घेऊन पाहावे. पूर्वेकडची बाजू तांबूस, तुकतुकीत. पश्चिमेकडे रुपयाएवढा पांढुरका चट्टा, कागदासारखा कोरडा, किंचित खोल गेलेला. बोटाने दाबले तर त्याखालचा गर चिवट लागतो. चार दिवसांत त्याच जागी काळी बुरशी धरते. रोग समजून औषध फवारणारे पुष्कळ आहेत, पण हा निव्वळ चटका असतो. हवेपेक्षा उन्हातल्या फळाची साल कितीतरी जास्त तापते. बहुतेक वेळा त्याआधी पाने गेलेली असतात, करप्याने किंवा हौसेने केलेल्या छाटणीने. जे फळ पानाआड वाढले ते अचानक उघड्यावर येते आणि भाजते. तापमान तिशीच्या वर राहिले की फळाला लाल करणारे लायकोपीन नीट तयार होत नाही, म्हणून देठाजवळचा भाग पिवळाच राहतो. पस्तिशीच्या पुढे परागही निकामी होऊ लागतात आणि फुले गळतात.

यावरची अक्कल या मुलखाला टोमॅटोच्या कितीतरी आधीपासून होती. ती पाहायची तर रामटेककडच्या पानमळ्यांची आठवण काढावी लागते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर चार खंड काढले. त्यांत बारई समाजावर मोठे प्रकरण आहे. पांडवांच्या यज्ञासाठी नागांच्या राणीने करंगळीचे पेर कापून दिले, ते पेरल्यावर नागवेल उगवली, ही कथा त्यात येते. नागपंचमीला बारई नागाला पुजतात ते त्यामुळेच. पण कथेहून मोलाची त्यांची शेतीची रीत. उत्तरेकडच्या जिल्ह्यांत पानवेलीवर गवता-काटक्यांचे छप्पर घालून बरेजा उभारत. मराठी मुलखात छपराऐवजी झाडे. वेल लावण्याच्या काही महिने आधी शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा ओळीने पेरायचे आणि ती वाढली की मग त्यांच्या पायथ्याशी वेल. वेलीला आधार तोच आणि सावलीही तीच. ऊन कमी हवे तसे फांद्या राखायच्या, जास्त हवे तसे शेंडे छाटायचे. मळ्यात पाऊल टाकले की बाहेरची झळ दारातच थांबते, पायाखाली ओल लागते.

संत्र्याने हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने शिकवली. भोसल्यांच्या काळात ते औरंगाबादकडून नागपुरात आले असे सांगतात. पुढे ते काटोल-वरुडप्रमाणे पांढुर्णा-सौसरातही रुजले. कोवळ्या कलमाच्या दक्षिण-पश्चिमेला तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा, भोवती शेवरीची ओळ. मोठ्या झाडाच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. हे मिश्रण फ्रान्सच्या मेदोक भागातले. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत, आणि त्याच वेली केवड्यापासून वाचल्या. प्राध्यापक मियार्दे यांनी हे हेरून 1885 मध्ये जाहीर केले. नागपुरी संत्र्याच्या खोडावर ते डिंक्यासाठी लावतात, पण चुन्याचा थर असल्याने साल उन्हाने तडकत नाही, हा फायदाही बागवानाला चांगला ठाऊक असतो.

परसातल्या टोमॅटोला या दोन्ही शहाणपणांचा थोडा थोडा वाटा मिळाला. पश्चिमेला मक्याची किंवा एरंडाची ओळ, बुडाशी गव्हांड्याचे आच्छादन, पाणी सकाळी. जिथे काहीच पेरलेले नाही तिथे चार काठ्या आणि जुने लुगडे. लुगडे झाडावर टेकवायचे नाही, हातभर वर ताणायचे, कारण खालून वारा खेळला नाही तर कापडाखालीच झाड उकडते. पूर्वेची बाजू मोकळी ठेवायची, सकाळचे कोवळे ऊन झाडाला हवेच असते. हिरवी शेडनेट आली ती याच लुगड्याच्या जागी. 2005-06 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून शेडनेटगृहांना अनुदान मिळू लागले आणि हिरवे कापड खेड्यातल्या दुकानांत मीटरवर मिळू लागले. अंगणापुरते म्हणाल तर पस्तीस ते पन्नास टक्के सावलीची जाळी पुरते. त्याहून दाट घेतली की झाड उंच, लेचेपेचे होते आणि फुले धरत नाही. पानमळ्यातला माणूस हे प्रमाण फांदीवर कोयता चालवून साधत असे.

मृगाच्या दोन सरी पडल्या की मांडव उतरवतात. ओल्या हवेत तीच सावली करपा वाढवते. काठ्या गोठ्याच्या वळचणीला जातात, शेवरीचे शेंडे शेळ्यांपुढे पडतात आणि लुगडे धुऊन वाळत घालतात.