वर्गातला गल्ला : कॅथलिक प्राथमिक शाळेतील दया आणि न्याय

मूल्यशिक्षणाचा इतिहास लिहायचा म्हटले की आपण पाठ्यपुस्तके उघडतो. त्यांत जे छापले होते तेच मुले शिकली, असे मनाशी धरून चालतो. या लेखात मला पाठ्यपुस्तक जरा बाजूला ठेवून एका साध्या वस्तूचा माग काढायचा आहे. ती वस्तू म्हणजे वर्गातला दानाचा गल्ला. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील कॅथलिक प्राथमिक शाळांत शंभराहून अधिक वर्षे मुलांनी गल्ल्यात नाणी टाकली. दया म्हणजे काय, गरीब कोण, आपले त्याच्याशी नाते काय, या प्रश्नांची उत्तरे ती धर्मशिक्षणाच्या तासाला जितकी शिकली, तितकीच या गल्ल्यापाशीही शिकली. कॅथलिक चर्चचा सामाजिक विचार १८९१ नंतर खूप बदलला. तो बदल गल्ल्यापर्यंत कधी आणि कितपत पोचला, हे मला पाहायचे आहे.

महिन्याला एक सू

फ्रान्समधील नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बें-जान्सों यांच्या मनात चीनमध्ये धर्मप्रचाराला जायचे फार होते. ते जमले नाही. १८३० च्या राज्यक्रांतीनंतर त्यांना स्वतःचे नान्सीही सोडावे लागले. चीनमध्ये गरिबीमुळे टाकून दिल्या जाणाऱ्या अर्भकांच्या हकिगती मिशनऱ्यांच्या पत्रांतून युरोपात येत होत्या. या मुलांसाठी काय करता येईल याविषयी ते लियों शहरातील पोलीन जारिको यांच्याशी बोलले. जारिकोबाईंनी १८२२ मध्ये धर्मप्रसारासाठी निधी उभारणारी संस्था काढली होती. दर आठवड्याला एक सू द्यायचा, दहा-दहा जणांचा गट करायचा आणि प्रत्येक गटाची वर्गणी एकाने गोळा करायची, अशी तिची साधी रीत होती. गिरणीतल्या कामकरणीलाही परवडेल असे ते दान होते.

बिशपांनी तीच रीत मुलांसाठी बेतली. १९ मे १८४३ रोजी ‘पवित्र बालपण’ या नावाची संस्था स्थापन झाली. प्रत्येक मुलाने महिन्याला एक सू द्यायचा आणि रोज एक छोटी प्रार्थना म्हणायची. येशूच्या बालपणाच्या बारा वर्षांची आठवण म्हणून गट बारा मुलांचा. हिशेब करून पाहिला तर सू म्हणजे पाच सेंटिम, म्हणजे एका गटाचे वर्षाला १४४ सू, सात फ्रँक वीस सेंटिम. रक्कम किरकोळ होती, पण शाळा हजारो होत्या. पुढच्याच वर्षी, १८४४ मध्ये, बिशप वारले. संस्था मात्र देशोदेशी पसरली, आणि १९२२ मध्ये पोपने तिला आपल्या अधिकृत संस्थांत स्थान दिले.

या योजनेत एक गोष्ट खरोखर नवी होती. तोवर मूल हे दया घेणारे होते. आता ते दया करणारे झाले. शेतमजुराच्या घरातले सात वर्षांचे पोर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या कुणासाठी तरी खाऊचा पैसा बाजूला ठेवू लागले. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडासाठी माणशी एक पैसा मागितला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, हे वाचकांना आठवेल. क्षुल्लक नाण्यावर मोठा विश्वास टाकण्याची वृत्ती दोन्हीकडे सारखीच. फरक असा की पैसा फंडात देणारा आणि ज्याचे भले व्हायचे तो एकाच समाजातला होता. ‘पवित्र बालपणा’त दोघांमध्ये समुद्र होता, आणि पलीकडच्याचा आवाज अलीकडे ऐकू येण्याची सोय नव्हती.

नाणे जिथे पोचले

मुलांना मिळे ती संस्थेच्या वार्तापत्रातली गोष्ट आणि चित्रे. त्यांत टाकलेले अर्भक होते, त्याला उचलणारी धर्मभगिनी होती, बाप्तिस्मा होता. मरणाच्या दारातील बाळाला बाप्तिस्मा देऊन त्याच्या आत्म्याचे कल्याण साधणे हा संस्थेचा पहिला हेतू होता; जगलेल्याला वाढवणे, शिकवणे हा दुसरा. त्या काळच्या श्रद्धेनुसार हा क्रम स्वाभाविक होता. पण चीनमधल्या शेजाऱ्यांना तो कसा दिसत असेल, हा प्रश्न फ्रान्समधल्या वर्गात कोणी काढत नसे.

त्याचे उत्तर १८७० मध्ये त्येनत्सिन शहरात मिळाले. तिथल्या अनाथालयातील धर्मभगिनी बेवारस आणि आजारी मुले आणून देणाऱ्यांना थोडे पैसे देत. मुले मुळातच मरणपंथाला लागलेली. त्यात साथ आली, आणि पुष्कळ दगावली. परकी बायका पैसे देऊन मुले घेतात आणि ती मुले मरतात, एवढेच बाहेरच्यांना दिसत होते. मुले पळवली जातात, औषधासाठी त्यांचे डोळे काढतात, अशा वावड्या उठल्या. २१ जून रोजी जमाव जमला. फ्रेंच वकील फोंतानिये यांनी गोळी झाडली, त्यात चिनी अधिकाऱ्याचा नोकर ठार झाला आणि मग दंगल आवरेना. वकिलासह अनेक परदेशी माणसे मारली गेली. त्यांत दहा धर्मभगिनी होत्या. चिनी ख्रिस्ती माणसेही बळी पडली. त्सेंग क्वोफान या ज्येष्ठ अधिकाऱ्याने चौकशी केली, तेव्हा डोळे काढल्याच्या आरोपात तथ्य आढळले नाही.

त्या भगिनींच्या करुणेबद्दल मला शंका नाही. अनोळखी शहरात, मरत्या मुलांच्या उशाशी त्या राहिल्या. परंतु घेणाऱ्या समाजाला विश्वासात न घेता केलेली दया त्या समाजाला भीतिदायक वाटू शकते, हा धडा त्येनत्सिनमध्ये लिहिला गेला होता. गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या मुलांना तो कधी सांगितला गेला नाही.

बाळ ‘विकत’ घेणे

विसाव्या शतकात गल्ल्याला नवी रूपे आली. जर्मनी, स्वित्झर्लंड या देशांत नाणे टाकले की काळ्या मुलाची बाहुली मान डोलावून आभार मानी. क्वेबेकमध्ये मुले पंचवीस सेंटांना ‘छोटा चिनी’ विकत घेत. अमेरिकेत वर्गाने पाच डॉलर जमवले की एका ‘मूर्तिपूजक बाळा’च्या नावाचे प्रमाणपत्र मिळे, आणि त्या बाळाचे नाव काय ठेवायचे हे वर्गच ठरवी. आयर्लंडमधील जुन्या पिढीच्या आठवणींत ‘काळ्या बाळां’साठी शाळेत नेलेली नाणी हमखास येतात.

या आठवणी सांगताना त्या पिढीतले लोक हसतात आणि ओशाळतातही. मुलांची भावना खोटी नव्हती. आपल्याला बाळ मिळाले, आपण त्याचे नाव ठेवले, याचा आनंद निर्मळ होता. पण शब्द ‘विकत घेणे’ असा होता. बाळाला आईबाप असतील, त्यांनी त्याचे काही नाव ठेवले असेल, हे त्या व्यवहारात कुठेही नव्हते. कोणताही शिक्षक वर्गात ‘काळी माणसे आपल्यापेक्षा कमी’ असे म्हणाला नसेल. मान डोलावणाऱ्या बाहुलीने ते न बोलता सांगितले.

दरम्यान, रोममध्ये

याच काळात चर्चच्या सामाजिक विचाराने निराळी वाट धरली होती. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले. कामगाराला कुटुंब चालवता येईल असे वेतन मिळणे हा त्याचा हक्क आहे, संघटना करणे हाही हक्क आहे, असे त्यात मांडले होते. वेतन हा हक्क ठरला की ती भीक राहत नाही. १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ने आणखी एक तत्त्व दिले : जे काम लहान समूहाला स्वतः करता येते ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. म्हणजे ज्याचा प्रश्न, त्याच्या हाती शक्य तितके उत्तर.

शाळेच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पोप तेविसावे जॉन यांचे १९६१ चे ‘मातेर एत माजिस्त्रा’. हा सामाजिक विचार कॅथलिक शाळांत सर्व स्तरांवर शिकवला जावा, अशी इच्छा त्यात व्यक्त झाली. शिवाय शिकवण्याची रीतही सांगितली : पाहा, पारखा, कृती करा. ही त्रिसूत्री बेल्जियमच्या योसेफ कार्देन या धर्मगुरूंची. गिरण्या-कारखान्यांतील तरुण मुलामुलींमध्ये काम करताना त्यांनी ती घडवली होती. गल्ल्याच्या शाळेत तोवर फक्त तिसरी पायरी होती. परिस्थिती पाहणे आणि ती अशी का आहे हे पारखणे, या दोन पायऱ्या मोठ्यांनी परस्पर उरकलेल्या असत.

१९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी राष्ट्राराष्ट्रांतील विषमता हाच सामाजिक प्रश्न मानला. १९७१ च्या बिशपांच्या सभेने तर न्यायासाठी कृती करणे हा शुभवर्तमान सांगण्याचाच अंगभूत भाग आहे, अशी भूमिका घेतली.

पुठ्ठ्याची पेटी

हा विचार प्राथमिक शाळेत कसा उतरला हे पाहण्यासाठी आयर्लंडइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. तिथल्या बहुसंख्य प्राथमिक शाळा आजही कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. २ फेब्रुवारी १९७३ रोजी आयरिश बिशपांनी एक पत्र काढून ‘त्रोकारे’ ही संस्था स्थापन केली. आयरिश भाषेत या शब्दाचा अर्थ करुणा. पत्राचा सूर मात्र वेगळा होता. गरीब देशांना मदत करणे हा आता केवळ दानधर्म नाही, ते न्यायाने लागू होणारे कर्तव्य आहे, असे त्यात होते. संस्थेला कामे दोन दिली : परदेशांत मदत, आणि मायदेशातल्या लोकांना गरिबीच्या कारणांचे शिक्षण.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात घडीची पुठ्ठ्याची पेटी शाळेतून घरोघर जाऊ लागली. चाळीस दिवस गोड वर्ज्य करून वाचलेली नाणी तिच्यात पडतात. वरवर पाहता हा जुनाच गल्ला. पण पेटीवरच्या मुलाला आता स्वतःचे नाव आहे, कुटुंब आहे, गाव आहे. पेटीबरोबर शिक्षकांसाठी पाठ येतात : पाणी का नाही, जमीन कोणाची, हवामान बदलले ते कोणामुळे. जुन्या गल्ल्यापाशी ‘किती जमले’ एवढाच प्रश्न विचारता येत असे. इथे ‘का’ विचारायला जागा झाली.

तरी काम संपले असे म्हणता येत नाही. पेटीवरचा हसरा किंवा उदास चेहरा अजूनही दूरच्याच देशातला असतो. गरिबांची छायाचित्रे वापरताना त्यांची प्रतिष्ठा राखावी, यासाठी तिथल्या मदतसंस्थांना या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतःसाठी आचारसंहिता करावी लागली. चित्राची ताकद ओळखूनच ती केली गेली.

जवळचे मूल

आयर्लंडचा हा इतिहास इथेच थांबवला तर तो अर्धवट आणि सोयीचा ठरेल. ज्या दशकांत मुले दूरच्या बाळांसाठी नाणी आणत होती, त्याच दशकांत त्याच देशात धर्मसंघांनी चालवलेल्या औद्योगिक शाळांत गरीब घरांतली, अनाथ मुले मार आणि अत्याचार सोसत होती. १९९९ मध्ये पंतप्रधानांनी त्यांची जाहीर क्षमा मागितली. २००९ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, आणि छळ हा एकट्यादुकट्याचा गुन्हा नसून तिथली रीतच झाली होती, हे देशाने वाचले. साध्या प्राथमिक शाळांतही छडी अधिकृतपणे बंद झाली ती १९८२ मध्ये. म्हणजे न्यायाचे पत्र निघून नऊ वर्षे झाल्यावर.

मला वाटते, या विषयाची खरी परीक्षा इथे आहे. दूरच्या मुलाविषयी दया शिकवणे सोपे असते, कारण ते मूल उलट प्रश्न विचारत नाही. न्याय शिकवला की मूल तो वर्गालाच लावून पाहते : मागच्या बाकावरच्या मुलाला जास्त मार का? त्याच्याकडे डबा का नाही? ‘पाहा, पारखा’ ही रीत मनापासून शिकवायची तर शिक्षकाला आणि संस्थेला स्वतःकडे पाहू द्यावे लागते. ते पुष्कळ ठिकाणी झाले नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या त्या नकाशावर आपला देश घेणाऱ्यांच्या बाजूला होता. आज ‘पवित्र बालपण’ संस्थेचे घोषवाक्यच मुलांनी मुलांना मदत करावी असे आहे, आणि भारतातील मुलेही तिच्यासाठी नाणी जमवतात. कारितास इंडिया ही संस्था उपवासकाळात भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम चालवते. मराठी बोलणाऱ्या वसईच्या कॅथलिक समाजाने तर सामाजिक न्यायाचा अर्थ आपल्याच अंगणात लावून पाहिला. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे धर्मगुरू जमीन आणि पाणी राखण्यासाठी सर्व धर्मांच्या गावकऱ्यांबरोबर उभे राहिले. मोठ्यांना रस्त्यावर पाहिलेल्या मुलांना न्यायाची व्याख्या वेगळी शिकवावी लागली नसेल.

गल्ला ही गोष्ट कॅथलिक शाळेपुरती नाही. ध्वजदिनाची तिकिटे, पूरग्रस्तांसाठी मूठ-मूठ तांदूळ, वाढदिवसाला अनाथाश्रमात वाटलेला खाऊ, हे आपल्या प्रत्येक शाळेत चालते. त्यातले काहीही बंद करावे असे मी म्हणणार नाही. हात सैल सोडायची सवय लहानपणीच लागते. मात्र मूल नाणे टाकील तेव्हा जवळच्या मोठ्या माणसाने तीन प्रश्नांना तयार असावे : हे कोणाला जाणार, त्याला हे हवे आहे का हे कोणी विचारले का, आणि त्याच्यावर ही वेळ का आली. १८४३ च्या मुलांना हे प्रश्न विचारू दिले असते तर कदाचित नाणी थोडी कमी जमली असती. पण त्येनत्सिनच्या रस्त्यावर जे कळले ते निदान काही जणांना वर्गातच कळले असते.