७० वर्षांवरील ज्येष्ठांसाठी आयुष्मान कार्ड: कोण पात्र, कोण नाही?

घरात कोणी सत्तरी पार केली आहे का? मग रेशन कार्ड केशरी की पांढरे, पेन्शन किती, हे प्रश्न बाजूला ठेवा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या आयुष्मान वय वंदना कार्डासाठी उत्पन्नाची अट नाही.

मुख्य अट: आधार कार्डावरील जन्मतारखेनुसार वय ७० पूर्ण हवे. आधारवर वय चुकून कमी लागले असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

काय मिळते? वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार. हप्ता भरावा लागत नाही. खर्च साधारणपणे केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलते. जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. आई-वडील दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते.

आधीच विमा असेल तर?
- खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआयसी: ते ठेवूनही हे कार्ड काढता येते.
- सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस: जुनी योजना किंवा हे कार्ड, यापैकी एकच निवडावे लागते.

ही निवड घाईने करू नका. आयुष्मानमध्ये रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले उपचार येतात. नुसती ओपीडी तपासणी आणि बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या येत नाहीत.

नोंदणी आयुष्मान अ‍ॅपवर आधारने मोफत होते. शंका असल्यास १४५५५ वर फोन करा. कार्डासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.