गेटवर द्यायचं राहिलेलं तिकीट

ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेत पुठ्ठ्याच्या एका छोट्या कार्डाला लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. कार्डावर मिकी मँटल या बेसबॉलपटूचं चित्र, साल १९५२. 'टॉप्स' कंपनीने ही कार्डं च्युइंगगमबरोबर पोरांना विकली होती. उरलेला माल पडून राहिला, आणि तो १९६०मध्ये बोटीतून नेऊन अटलांटिक समुद्रात टाकला, असं कंपनीतल्याच माणसाने पुढे सांगितलं. विकली गेलेली कार्डं पोरांनी खिशात चुरगाळली, सायकलच्या चाकात अडकवली. पोरं मोठी झाली आणि आयांनी खोकीच्या खोकी रद्दीत घातली.

याहून जुनं होनस वॅग्नरचं कार्ड. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटात येणारं. वॅग्नरने परवानगी नाकारली, छपाई थांबली, आणि आज जगात जेमतेम पन्नास-साठ कार्डं उरलीत. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध कार्डाच्या कडा कापून ते कोरं दिसेल असं केलं होतं, हे विकणाऱ्याने २०१३मध्ये कोर्टात कबूल केलं. तरीही त्या कार्डाची कीर्ती काही कमी झाली नाही.

म्हणजे वस्तू नुसती जुनी असून चालत नाही. ती भरपूर छापलेली, कुणी जपायच्या लायकीची न समजलेली, आणि म्हणून जवळजवळ संपलेली असावी लागते. हे वाचताना मला बेसबॉलपेक्षा आमचं स्टेशन आठवत होतं.

करमाळा तालुक्यातलं माझं गाव केम कुंकवासाठी ओळखलं जातं. पुणे-सोलापूर मार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधे आमचं स्टेशन. मी प्राथमिक शाळेत असताना तिथे पुठ्ठ्याचं तिकीट मिळायचं. बाबू लाकडी कप्प्यातून ते काढायचा, तारखेच्या यंत्रात सरकवायचा, खट्ट असा आवाज व्हायचा आणि तिकीट खिडकीतून बाहेर.

हे तिकीट थॉमस एडमंडसन या इंग्रज माणसाचं. मूळचा फर्निचर बनवणारा, १८३०च्या दशकात स्टेशनमास्तर झाला. तोवर तिकीट हाताने लिहायचे, आणि बाबूने किती पैसे घेतले याचा हिशेब लागायचा नाही. याने जाड पुठ्ठ्याची, सव्वादोन इंच लांबीची, आधीच छापलेली तिकिटं काढली. प्रत्येकावर अनुक्रमांक. एका ठिकाणचा एक गठ्ठा, त्याचा एक कप्पा. संध्याकाळी वरच्या तिकिटाचा नंबर बघायचा, सकाळचा नंबर वजा करायचा, भाड्याने गुणायचं. झाला गल्ल्याचा हिशेब. मी पगार घेऊन डेटाबेस सांभाळतो, पण इतकं स्वच्छ डिझाइन रोज बघायला मिळत नाही. ब्रिटिश रेल्वेने १९९०मध्ये ही तिकिटं बंद केली. आपल्याकडे ती त्यानंतरही बरीच वर्षं टिकली.

आता मुद्द्याची गोष्ट. बेसबॉलचं कार्ड निदान घरी तरी न्यायचं असतं. रेल्वेचं तिकीट उतरल्यावर गेटवर परत द्यायचं असतं. त्यामुळे संग्राहकाच्या हातात आलेलं प्रत्येक वापरलेलं तिकीट म्हणजे कुठेतरी टी.सी. जागेवर नव्हता, गर्दी होती, किंवा कुणीतरी हळूच खिशात ठेवलं होतं. लाखो छापली आणि उरली ती अशी, नियम चुकवून.

कोरी तिकिटंही बाजारात येतात, खिडकी बंद झाल्यावर उरलेल्या गठ्ठ्यांतली. ०००० नंबरचं असेल तर संग्राहक तुटून पडतात. माझं मत उलटं आहे. कोऱ्या तिकिटाने कधी प्रवासच केलेला नाही. मला भोक पाडलेलं, तारीख उमटलेलं हवं.

आणि नावं हवीत. आमच्या भागातल्या तिकिटांची खरी श्रीमंती नावांत आहे. पुण्याकडून येणारा लोहमार्ग ऑक्टोबर १८५९मध्ये बार्शी रोडपर्यंत पोचला. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी. त्याआधी काही महिने गाडी डिकसळपर्यंतच यायची. पुढे उजनी धरणाचं पाणी चढलं, मार्ग वळवला गेला, आणि आज त्या मार्गावर डिकसळ नावाचं स्टेशन नाही. जुना पूल तेवढा आहे. तिकिटावर 'जी.आय.पी.' असेल तर ते नोव्हेंबर १९५१च्या आधीचं, कारण तेव्हा मध्य रेल्वे झाली. 'थर्ड क्लास' असेल तर १९७४च्या आधीचं. 'बार्शी लाइट रेल्वे' असेल तर १९५४च्या आधीचं. कंपनीची ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९५४मध्ये सरकारने विकत घेतली. तारीख पुसली तरी शब्द बोलतात.

माझ्याकडे एकूण अकरा तिकिटं आहेत. त्यातलं सर्वांत फाटकं आजीच्या डब्यात सापडलं: कुर्डुवाडी ते पंढरपूर, छोट्या गाडीचं, एक कोपरा उडालेला. पुण्यातल्या एका विक्रेत्याला दाखवलं. त्याने भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, ''तारीख वाचता येत नाही, कोपरा नाही. शंभर रुपये देतो, तेही तुम्ही आलात म्हणून.''

मी गावी आल्यावर आजीला विचारलं, ''आजी, हे तिकीट तुझ्याकडं राहिलंच कसं?''

''आरं, आषाढीला कोण तिकीट मागतंय? लोंढाच भाईर पडला. तुझा बाप काखेत, माझी आई हाताला धरलेली. तिची ती शेवटची वारी.''

बाबांचा जन्म १९६८चा. काखेत घेण्याएवढं पोर म्हणजे साल १९६९ किंवा १९७०. यंत्राने उमटवलेली तारीख गेली होती, ती अशी परत आली. मी हे सगळं एका लिफाफ्यावर लिहिलं आणि तिकीट आत ठेवलं. विक्रेत्याला फोनवर सांगितलं तर तो थोडा थांबला आणि म्हणाला, ''लिफाफ्यासकट देणार असाल तर बोलू.'' देणार नाही. बाबांना ते लॅमिनेट करायचंय, त्यावरून आमचं अजून चाललंय. लॅमिनेशनच्या उष्णतेने आणि चिकट थराने जुना पुठ्ठा कायमचा बिघडतो, हे त्यांना पटत नाही.

मी स्वतः दर महिन्याला पुणे-केम करतो. तिकीट मोबाईलवर. प्रवास झाला की ते जुन्या बुकिंगच्या यादीत जातं, फोन बदलला की तेही शोधावं लागतं. गेटवर परत द्यायला काही नाही, त्यामुळे द्यायचं राहून जायलाही काही नाही.

सध्या मी 'केम ते बार्शी रोड' असं छापलेलं तिकीट शोधतोय. अंतर मोजून दोन स्टेशनांचं. बाजाराला जाणारी माणसं उतरताना ते गेटवर देऊन टाकत असणार, म्हणून सापडणं कठीण. पण कुर्डुवाडीत बाजाराच्या दिवशीही गर्दी होतच असेल.