एसटीचं कार्ड आणि उसनी वीज

चांदूर बाजार आगारातून परतवाडा, मोर्शी किंवा अमरावतीकडे निघणाऱ्या एसटीत वाहकाच्या हाती एके काळी पत्र्याचा ट्रे असे. त्यात वेगवेगळ्या किमतींच्या तिकिटांच्या गड्ड्या. गाडी खड्ड्यात आदळली, दारापर्यंत माणसं दाटली, तरी चिमटा नेमक्या आकड्यावर पडायचा. पुढे ट्रेची जागा छपाई यंत्राने घेतली आणि २०१९ मध्ये एसटीची स्मार्ट कार्डं आली.

कार्डात बॅटरी नाही. प्लास्टिकच्या पापुद्र्यांमध्ये धातूच्या तारेचे मोजके वेढे आणि एक इवलीशी चिप, बस्स. असं कार्ड वाचणाऱ्या यंत्राचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा झुलतं. त्यातून वेढ्यांत वीज उपजते, ती सरळ करून चिप जागी होते. ती स्वतःची लहर पाठवत नाही. फक्त आपला भार कमी-जास्त करते. दोराचं एक टोक धरलेल्याला दुसऱ्या टोकाची ओढ कळावी, तसा तो फरक यंत्राला कळतो.

ही कल्पना एसटीच्याच वयाची आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. चांदूर बाजार ज्यात येतं तो वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. इथली सरकारी बससेवा वेगळी होती, ती नंतर महामंडळात आली. त्याच १९४८ च्या ऑक्टोबरात हॅरी स्टॉकमन यांचा अमेरिकेत निबंध छापून आला: आलेली लहरच परतवून संदेश देता येईल.

विचार पक्का होता, पण काळ व्हॉल्व्हचा, म्हणजे निर्वात नळ्यांचा होता. प्रत्येक व्हॉल्व्हचा तंतू तापवायलाच इतकी वीज लागे, की हवेतून मिळणाऱ्या शक्तीवर तो चालणं शक्यच नव्हतं.

खरं वळण १९६३ मध्ये आलं, आणि त्याची आठवण फार कमी ठेवली जाते. फेअरचाइल्ड कंपनीतल्या फ्रँक वॉनलास यांनी परस्परपूरक ट्रान्झिस्टरांच्या जोड्या जुळवल्या. जोडीतला एक चालू असेल तेव्हा दुसरा बंद. स्थिती बदलताना तेवढा प्रवाह वाहतो, एरवी जवळजवळ काहीच नाही. यालाच सीमॉस म्हणतात. बिनबॅटरीच्या कार्डाचं खरं श्रेय या काटकसरीला द्यायला हवं; नुसती शक्तिशाली लहर सोडून ते साधलं नसतं.

सत्तरच्या दशकात लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेने गाईगुरं ओळखण्यासाठी अशाच बिनबॅटरीच्या खुणा बनवल्या. गुरांच्या बाजाराची सवय असलेल्या वऱ्हाडी माणसाला त्यांचं मोल वेगळं सांगायला नको. १९९७ मध्ये हाँगकाँगने ऑक्टोपस कार्ड आणलं आणि रोजच्या प्रवासात ही युक्ती रुळली.

अंतर वाढलं की यंत्राचं चुंबकीय क्षेत्र झपाट्याने क्षीण होतं, म्हणून असं कार्ड काही सेंटिमीटरांवरच चालतं. अमरावती-अकोला महामार्गावरच्या गाड्यांच्या काचेवरचा फास्टॅगही बिनबॅटरीचाच. फेब्रुवारी २०२१ पासून तो बंधनकारक झाला. पण त्याला कित्येक मीटरांवरून उत्तर द्यावं लागतं. तिथवर पोचणारी वीज इतकी तुटपुंजी, की अशा चिपा काही मायक्रोवॅटांवर, म्हणजे वॅटच्या काही दशलक्षांश भागांवर, जाग्या होतील अशाच घडवाव्या लागतात.